बाबांना लिव्हर सिरॉसिस आहे, घरी आणलंय. काय द्यायचं, काय बघायचं?

विट्याहून (रात्री ११:२०)

नमस्कार. बाबा ६२ वर्षांचे आहेत. एसटीत ड्रायव्हर होते, चार वर्षांपूर्वी रिटायर झाले. दारूला आयुष्यात हात लावलेला नाही. हे आधीच सांगतो, कारण भेटायला येणारा प्रत्येक माणूस पहिलं तेच विचारतो आणि आई आत जाऊन रडते. अठरा वर्षं शुगर आहे, पोट सुटलेलं होतं. लिव्हरवर चरबी आहे असं सोनोग्राफीत दोनदा आलं होतं, आम्ही कुणी मनावर घेतलं नाही. आता सिरॉसिस झालाय, म्हणजे लिव्हर कडक होऊन आकसलंय.

दिवाळीनंतर पोट फुगायला लागलं, पाय सुजले. हॉस्पिटलमध्ये सात दिवस ठेवलं. पोटातून साडेचार लिटर पाणी काढलं. दुर्बीण टाकली तेव्हा अन्ननलिकेतल्या शिरा फुगलेल्या दिसल्या, त्यांना रबर बँड लावले. सोडताना कागद दिला तो सगळा इंग्रजीत. तोंडी एवढंच सांगितलं की मीठ कमी करा, औषधं चुकवू नका, महिन्यानं या. मागं रांग उभी होती, आम्हालाही काही विचारायचं सुचलं नाही.

गोळ्या अल्डॅक्टोन, लॅसिक्स, प्रोप्रॅनोलॉल आणि रिफॅक्सिमिन. शिवाय लॅक्टुलोजची बाटली. आईनं डाळ, अंडी, दूध बंद केलंय, 'लिव्हरला जड' म्हणून. पेज आणि उकडलेला दुधी चालू आहे. साधं मीठ बंद करून सैंधव आणलंय. मामा रोज गुळवेलीचा काढा घेऊन येतात. बाटलीतलं औषध चार दिवसांपूर्वी आम्हीच थांबवलं. त्यानं दिवसातून चार वेळा जावं लागत होतं, आणि गोड आहे, शुगर वाढेल असं वाटलं.

दोन दिवस झाले, दिवसभर झोपतात आणि रात्री टक्क जागे असतात. काल पहाटे तीनला उठून पँट-शर्ट घालून दारात उभे. म्हणाले, "पाच पाचची मुक्कामी गाडी काढायचीय, कंडक्टर आला का?" मला हाक मारली ती काकांच्या नावानं. आई म्हणते वय झालं. त्यांना शौचाला होऊन तीन दिवस झालेत, हे आत्ता लिहिताना लक्षात आलं.

आहार काय ठेवावा, कुणाला अनुभव असेल तर सांगा.

कर्लीकाठ (रात्री ११:४१)

दादा, आहाराचं नंतर बोलू. बाबांना आत्ता, याच रात्री दवाखान्यात घेऊन जा. सकाळची वाट बघू नका.

हे वय नाही. आतड्यात तयार होणारा अमोनिया आणि इतर विषारी द्रव्यं लिव्हर साफ करतं. त्यांचं लिव्हर ते करू शकत नाही, म्हणून ती रक्तातून मेंदूपर्यंत जातात. दिवसा झोप आणि रात्री जाग, माणसांची नावं चुकणं, जुनी ड्युटी आठवून निघणं, हे सगळं त्यातलंच. तुम्ही थांबवलेली बाटली जुलाबाचं साधं औषध नाही, ही द्रव्यं बाहेर काढायचं तेच औषध आहे. आता ते शुद्धीवर असतील, गिळता येत असेल तर डॉक्टरांना फोनवर विचारून एक डोस द्या. गुंगीत असतील तर तोंडातून काहीही घालू नका, ठसका लागून छातीत जाईल. झोपेची गोळी कुणी सुचवली तरी द्यायची नाही.

गाडी मिळत नसेल तर १०८ ला फोन करा.

रात्रपाळी (रात्री ११:५८)

मी सरकारी रुग्णालयात स्टाफ नर्स आहे. कर्लीकाठताई सांगतात ते बरोबर आहे, निघा. जाताना सगळ्या गोळ्यांची पाकिटं आणि तो इंग्रजी कागद पिशवीत घाला. तिथल्या डॉक्टरांना तीन गोष्टी आपण होऊन सांगा: लॅक्टुलोज चार दिवस बंद आहे, तीन दिवस शौच नाही, काढा चालू होता. ताप आहे का, पोट दाबल्यावर दुखतं का, शौच काळं होतं का, हे वाटेत बाबांना आणि आईला विचारून ठेवा. पोटातल्या पाण्यात जंतुसंसर्ग झाला किंवा आत रक्तस्राव झाला तरी माणूस असाच गोंधळतो, त्यामुळे नुसतं बद्धकोष्ठ समजून सोडून देता येत नाही. शुगरही लगेच तपासायला सांगा.

विट्याहून (तिसऱ्या दिवशी, दुपारी ४:१०)

तुमचे दोघांचे उपकार कसे मानू कळत नाही. त्या रात्री साडेबाराला निघालो. एनिमा दिला, सलाईन लावलं, पोटातलं थोडं पाणी सुईनं काढून तपासलं. संसर्ग नाही. लॅक्टुलोज पुन्हा सुरू केलं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बाबांनी मला माझ्या नावानं हाक मारली आणि विचारलं, "मी इथं कसा?" रात्री दारात उभे होते त्यातलं त्यांना काहीच आठवत नाही. आईला वाटतंय की औषध तिनं थांबवलं म्हणून हे झालं. ती माझ्याशीसुद्धा धड बोलत नाही.

उद्या सोडतील. आता काय काय शिकून घेऊ, ते सांगा.

कर्लीकाठ (त्याच दिवशी, रात्री ९:३०)

पहिलं आईंना वाचून दाखवा. आई, तुमची चूक नाही. जुलाब होतायत म्हणून औषध थांबवणं हे कुठलीही बाई करेल. ते औषध कशासाठी आहे हे कुणी सांगितलंच नव्हतं. मी स्वतः हेच केलं होतं, आणि माझा नवरा कुडाळच्या बाजारात भाजी घ्यायला गेला तो घरची वाट विसरला.

आमच्या ह्यांना १९८८ साली मुंबई-गोवा रस्त्यावर अपघात झाला होता. तीन बाटल्या रक्त चढवलं. त्यातून हेपटायटिस सी आला. तेव्हा त्या व्हायरसची तपासणीच नव्हती, त्याचा शोधच १९८९ साली लागला. कळलं २०१४ मध्ये, तोवर सिरॉसिस झालेला. तेव्हापासून आठ वर्षं मी हेच केलं. डॉक्टर नाही, पण या आठ वर्षांतलं वहीत सगळं आहे.

तर वहीच सांगते, कारण बाकी सगळ्यापेक्षा ती उपयोगी पडली. दोनशे पानी वही घ्या. रोज सकाळी शौच-लघवी झाल्यावर, चहाच्या आधी, अंगावर तसेच कपडे ठेवून वजन करायचं आणि लिहायचं. पोटातलं पाणी डोळ्यांना दिसायच्या आधी काट्यावर दिसतं. दोन-तीन दिवसांत दोन किलो वाढलं की आम्ही फोन करायचो. वजन फार भरभर उतरणंही वाईट. पायाला सूज नसताना रोज अर्ध्या किलोपेक्षा जास्त उतरत असेल तर लघवीच्या गोळ्या (अल्डॅक्टोन, लॅसिक्स) जास्त होतायत. त्यानं किडनीवर ताण येतो आणि गोंधळही वाढतो.

वजनापुढं शौच किती वेळा झालं तो आकडा. मऊ शौच दोन ते तीन वेळा, हे लॅक्टुलोजचं माप. एकदाच झालं तर डोस वाढवायचा. पाण्यासारखं चार-पाच वेळा झालं तर कमी करायचा. किती मिलीनं वाढवायचा-कमी करायचा ते डॉक्टरांकडून आकड्यात लिहून घ्या. बंद मात्र कधीच नाही. आणि ते गोड असलं तरी आतड्यात फारसं शोषलं जात नाही. शुगर तपासत राहा, पण त्या भीतीनं थांबवू नका.

त्याच्यापुढं बाबांची सही. रोज, त्याच पेनानं. हे मला एका शिकाऊ डॉक्टर मुलीनं सांगितलं होतं आणि त्याहून मोलाचं मला कुणी काही शिकवलं नाही. आमचे हे पतपेढीत कारकून होते, सही मोत्यासारखी. बिघडायच्या आदल्या दिवशी शेवटचं अक्षर ओळीखाली घसरायचं. बोलण्यात काही कळत नसे, चहा पीत पेपर वाचत बसलेले असत, पण सही सांगायची. सही घसरली की त्यांना दोन्ही हात पुढे करून पंजे वर उचलायला सांगायची, एसटी थांबवायला हात करतो तसे. पंजे पक्ष्याच्या पंखासारखे फडफडले तर मी लगेच निघत असे.

आता मीठ. दिवसाला पाच ग्रॅम, म्हणजे चहाचा एक सपाट चमचा किंवा त्याहून किंचित कमी, आणि त्यात सगळं आलं. सैंधव हेही मीठच, त्यात सोडियम तेवढंच. 'लो सोडियम' म्हणून मिळतं ते तर आणूच नका. त्यात पोटॅशियम असतं, आणि अल्डॅक्टोननं पोटॅशियम आधीच वाढतं, त्याचा हृदयाच्या ठोक्यांवर परिणाम होतो. मी सकाळी एका छोट्या डबीत त्यांचं मीठ काढून ठेवायची. भाजी-आमटी अळणी करून त्यांचं ताट वेगळं काढायचं, आणि डबीतलं मीठ त्यांनी स्वतः वरून घ्यायचं. डबी संपली की संपली. वरून घेतलेलं मीठ जिभेला जास्त लागतं, थोड्यात भागतं. भाकरीत मीठ लागतच नाही. लोणचं, पापड, कुरडया, फरसाण, सुकी मासळी, खायचा सोडा घातलेले ढोकळे, ॲसिडिटीची फसफसणारी पावडर, सगळं बंद. आमच्याकडे मी एक चूक वर्षभर केली. आंबटपणासाठी कोकमाचं आगळ घालत होते, आणि आगळात मीठ भरपूर असतं. मग लिंबू, चिंच, आलं, लसूण, जिरं, ओलं खोबरं आणि आमच्या भागातलं तिरफळ यांवर भागवलं.

डाळ, अंडी, दूध आजच सुरू करा. पूर्वी खरंच प्रथिनं बंद करायला सांगत. आता तसं नाही, उलट जास्त लागतात. किलोमागे १.२ ते १.५ ग्रॅम. बाबांचं पाण्याशिवायचं वजन ६० धरलं तर दिवसाला ७२ ते ९० ग्रॅम. पेज आणि दुधीत ते येत नाही. नुसत्या पेजेवर दंड आणि मांड्या वितळतात, आणि लिव्हर थकलं की अमोनिया साफ करायचं बरंचसं काम स्नायू करतात. ते गेले की गोंधळ आणखी वाढतो. मी दोन वेळा घट्ट वरण, एक वाटी मोडाची उसळ, दोन अंडी, घरचं दही, बिनमिठाचे फुटाणे आणि भाकरीच्या पिठात सोयाबीनचं पीठ असं बसवलं होतं. कडधान्यं आणि दूध-दही यांना सोसतं चांगलं.

आणि रात्री झोपताना काहीतरी खायला द्याच. हे फार थोड्या लोकांना माहीत असतं. आपलं लिव्हर रात्रीसाठी साखर साठवून ठेवतं, यांचं ठेवू शकत नाही. निरोगी माणसाचं शरीर दोन-तीन दिवसांच्या उपासानं स्नायू मोडायला लागतं, ती वेळ यांच्यावर एका रात्रीत येते. आमच्याकडे दहा वाजता दुधातलं नाचणीचं सत्त्व असायचं. तुमच्याकडे शुगर आहे तर रात्रीची गोळी किंवा इन्सुलिन त्याप्रमाणे बदलून घ्या. चतुर्थी, एकादशी, सगळे उपास सोडायचे. आमच्या ह्यांना ते फार जड गेलं. शेवटी मी त्यांचे उपास माझ्या अंगावर घेतले.

काढ्याचं मामांना प्रेमानं सांगा. २०२१ साली मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेल घेतल्यावर लिव्हर बिघडलेल्या सहा रुग्णांची माहिती छापली होती. आयुष मंत्रालयानं ते मानलं नाही. तो वाद ज्यांचा त्यांनी मिटवावा, आधीच सिरॉसिस असलेल्या माणसावर तो नको. मामांना सोबतीची इच्छा आहे. त्यांना रोज संध्याकाळी बाबांना घेऊन पाऊण तास चालायला पाठवा, स्नायूंसाठी तेही औषधच आहे.

रात्रपाळी (रात्री १०:१५)

थोडी भर घालते. पाणी सरसकट तोडू नका. रक्तातलं सोडियम बरंच खाली गेलं तरच पाण्यावर बंधन घालतात आणि ते डॉक्टर सांगतील. घरोघरी मीठ सोडून पाणीच तोडलेलं दिसतं, पेशंट तहानेनं कासावीस असतो.

अंगदुखीला डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन असली गोळी किंवा इंजेक्शन नको, किडनी बसते. पॅरासिटामॉल डॉक्टरांना विचारून, दिवसात ५०० च्या चार गोळ्यांच्या पुढं नाही. गावातल्या दवाखान्यात गेलात तरी तोंड उघडून सांगा, "लिव्हर सिरॉसिस आहे."

उलटीतून रक्त, डांबरासारखं काळं चिकट शौच, थंडी-ताप, पोट दुखणं, लघवी एकदम कमी होणं, यातलं काहीही झालं तर वहीत लिहीत बसू नका, निघा. आणि बँड एकदा लावले म्हणजे झालं असं नसतं, पुन्हा दुर्बिणीची तारीख दिली असेल ती चुकवू नका. हेपटायटिस ए आणि बी, फ्लू, न्यूमोनिया या लसींचं विचारून घ्या.

एक गोष्ट पुरुष माणसं लाजून सांगत नाहीत: अल्डॅक्टोननं पुरुषांचीही छाती, म्हणजे स्तन, दुखतात, फुगल्यासारखे होतात. तसं असेल तर सांगा, औषध बदलता येतं. मनानं गोळी सोडणारे मी पुष्कळ पाहिलेत.

विट्याहून (दोन दिवसांनी, सकाळी ८:०५)

घरी आलो. आईनं तुमचं सगळं दोनदा वाचून घेतलं. तिचा पहिला प्रश्न होता, "त्या काकूंच्या डबीचं माप काय?" काल रात्री दहाला तिनं दूध-नाचणी केली.

छातीचं विचारलं. हो म्हणाले. महिनाभर दुखतंय, कुणाला बोलले नव्हते.

दोन गोष्टी राहिल्या. बाबांची स्कूटर आहे. बत्तीस वर्षं गाडी चालवली, एक अपघात नाही, याचा त्यांना अभिमान आहे. किल्ली मागायची कशी? आणि लिव्हर बदलणं हा मार्ग आहे का, कधी विचारायचं?

कर्लीकाठ (सकाळी १०:४०)

किल्ली घ्यायलाच हवी. मेंदूवर परिणाम झालेला माणूस गप्पा नीट मारतो, पण समोर कुणी आडवं आलं तर ब्रेकवर पाय पडायला उशीर होतो, आणि तो उशीर त्याला स्वतःला कळत नाही. तुम्ही लपवू नका आणि खोटं सांगू नका. ड्रायव्हरला ड्रायव्हरची भाषा कळेल. डोळे किंवा बीपी बिघडलं की डेपोत ड्युटी देत नाहीत ना, तसंच हे आहे, डॉक्टर फिट म्हणेपर्यंत गाडी नाही, असं सांगा. डॉक्टरांनी त्यांच्या तोंडानं सांगितलं तर आणखी बरं.

बदलण्याचं आत्ताच विचारा. बहुतेक लोक फार उशिरा विचारतात. रक्ततपासणीतल्या बिलिरुबिन, क्रिएटिनिन, आयएनआर आणि सोडियम यांवरून 'मेल्ड' नावाचा, लिव्हर किती बिघडलंय ते सांगणारा आकडा काढतात. तो १५ किंवा वर असेल, किंवा पोटात पाणी, मेंदूवर परिणाम, रक्तस्राव यातलं काही झालं असेल तर प्रत्यारोपणाच्या डॉक्टरांना एकदा दाखवावं. दाखवलं म्हणजे लगेच ऑपरेशन असं नाही. मेंदुमृत दात्याच्या लिव्हरसाठी नाव प्रत्यारोपण केंद्रामार्फत विभागीय समितीच्या यादीत लागतं, मुंबई, पुणे, नागपूर, छत्रपती संभाजीनगर अशा चार समित्या आहेत. नाहीतर जवळच्या नातेवाइकाचा लिव्हरचा भाग घेतात, तो पुन्हा वाढतो. कायद्यानं जवळचे म्हणजे नवरा-बायको, आईवडील, मुलं, भावंडं, आजी-आजोबा, नातवंडं. खर्च मोठा आहे. कुठल्या योजनेतून किती मिळेल ते हॉस्पिटलच्या समाजसेवा विभागात विचारा, तारीख घालून लिहून घ्या.

आणि एक राहिलं, ते मुद्दाम शेवटी ठेवलं होतं. दर सहा महिन्यांनी पोटाची सोनोग्राफी. सिरॉसिस झालेल्या लिव्हरमध्ये गाठ होऊ शकते आणि लहान असताना ती दुखत नाही. आमच्या ह्यांचा व्हायरस २०१६ मध्ये बारा आठवड्यांच्या गोळ्यांनी गेला. पोटात पाणी नाही, वजन छान, सही मोत्यासारखी. मला वाटलं जिंकलो. लॉकडाउनमध्ये एक सोनोग्राफी हुकली, मग दुसरी मीच पुढं ढकलली, "बरे आहेत की" म्हणून. चौदा महिन्यांनी केली तेव्हा गाठ सहा सेंटिमीटरची होती. २०२२ च्या श्रावणात ते गेले. वहीत वजन होतं, शौच होतं, सही होती. सोनोग्राफीच्या तारखेला मी रकाना आखला नव्हता. तुम्ही आखा.

विट्याहून (आठ दिवसांनी, संध्याकाळी ७:३०)

काकू, काय लिहू. तुमचं आईला वाचून दाखवताना माझाच आवाज गेला.

किल्ली त्यांनी स्वतः दिली. डॉक्टर म्हणाले "गाडी नाही", तर म्हणाले, "साहेब, मला लेखी द्या." डॉक्टरांनी कागदावर दोन ओळी लिहून सही केली. तो कागद आता कपाटात त्यांच्या लायसन्सजवळ आहे. प्रत्यारोपणाच्या डॉक्टरांची वेळ पुढच्या सोमवारची मिळालीय. अल्डॅक्टोनबद्दल डॉक्टरांनी दुसरी गोळी दिली. मामा रोज सहाला येतात, दोघं एसटी स्टँडपर्यंत चालत जाऊन येतात.

वही मी आखायला घेतली होती, बाबांनी काढून घेतली. एसटीच्या लॉगशीटसारखे रकाने त्यांनी पट्टी घेऊन स्वतः पाडलेत: तारीख, वेळ, वजन, शौच, लॅक्टुलोज किती मिली, मिठाची डबी, सही. शेवटचा रकाना लाल पेननं, 'पुढची सोनोग्राफी'. त्यात मे महिन्याची तारीख घातलीय. आजचं वजन ६३.४, शौच तीनदा, सही स्वच्छ.